किहीमकरांचा हात

७ मार्च १९६९, शुक्रवार. पगाराच्या पाकिटात पंधरा पौंड अकरा शिलिंग होते, आणि ते मोजताना एलिशा किहीमकरांचा उजवा हात थरथरत होता. गेले दोन महिने ते ही थरथर लपवत होते.

लंडनमधल्या एका ग्रीक शब्दकोशाच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते. तिथल्या टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती, म्हणून जुन्या ग्रंथांतले उतारे कार्डांवर हातानेच उतरवायचे. मुंबईचे मराठी ज्यू, बी.कॉम.; ग्रीक येत नव्हतं, पण अक्षर छापल्यासारखं. एकतीस मेला दहा वर्षं भरली की पेन्शन लागू. त्याआधी काम सुटलं तर छदामही नाही.

त्या महिन्यात वाट्याला शब्द आला 'एउस्तथेया'. इंग्रजी टिपांवरून त्याचे उपयोग कळत होते: पक्क्या पायाचं घर, वारा पडलेला समुद्र, दंगाधोपा नसलेलं शहर, दुखणं ओसरून ठाकठीक झालेलं शरीर. सगळ्यांना एकच शब्द, स्थैर्याचा. आणि तोच लिहिताना त्यांचं अक्षर वेडंवाकडं होत होतं.

एजवेअरच्या घरी पत्नी हदासाबाईंनी ते ओळखलंच. "अहो, अर्धा चहा बशीत, उरलेला पँटवर. डॉक्टरकडे जा."

"जूनमध्ये जाईन."

"मग तोवर मी देते लिहून. वीस वर्षं भरतकामाचे नमुने उतरवलेत. ही तर नुसती वळणं."

"तुला त्यातलं कळणार काय?"

"तुम्हाला तरी कुठे कळतंय?"

रविवारी हदासाबाईंनी कचेरीतून घरी आणलेली चाळीस कार्डं लिहून काढली. किहीमकर खुर्चीतच डुलक्या घेत होते. एरवी सगळं दोनदा तपासणारा माणूस, पण त्या दिवशी अंगात त्राणच नव्हतं.

सोमवारी त्यांच्या वरिष्ठ मिस व्हिटलो कार्डं घेऊन आल्या. प्रत्येक ओळ उजवीकडे ऐसपैस, आणि डावीकडे, म्हणजे सुरुवातीलाच, अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली. एवढी जुनी भाषा म्हटल्यावर हदासाबाईंनी ती उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या हिब्रूसारखी उजव्या टोकापासून उतरवली होती.

"हे तुम्ही लिहिलेलं नाही."

"नाही. माझ्या बायकोने." किहीमकरांनी हात टेबलावर ठेवला. तो हलतच राहिला.

मिस व्हिटलोंनी त्या हाताकडे पाहिलं आणि कोरी कार्डं त्याच्यासमोरून उचलून घेतली. "मेअखेरपर्यंत तुम्ही कार्डं फक्त खोक्यांत लावा. लिहिण्याचं मी बघते."

खराब कार्डांची कुठे नोंद होऊ नये म्हणून नवी कार्डं त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणली.

दहा वर्षं भरून किहीमकर निवृत्त झाले, आणि जूनपासून पेन्शन मिळू लागलं. त्या कार्डांचे चार शिलिंग सहा पेन्स ते मिस व्हिटलोंना अजून देणं लागतात.