दोन पंखे आणि बाबांचा कान

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी आणलेले दोन पंखे मी टेबलावर आलटूनपालटून चालवत होतो, आणि बायको मागे उदबत्ती धरून उभी होती. पहिल्याने धूर गटकन ओढला. दुसऱ्यापाशी तो जरा रेंगाळला. वाऱ्याचा निकाल तिथेच लागला. आवाजाचा निकाल बाबांकडे होता. जुन्या पंख्याची घरघर त्यांच्या श्रवणयंत्रात इतकी घुमायची, की माझ्या खोलीत आले की ते यंत्र काढून खिशात टाकत. मग आमचं बोलणं खुणांवरच.

पहिला पंखा लावताच त्यांचा हात कानाकडे गेला. दुसऱ्याला तो मांडीवरच राहिला. मी दुसरा बसवून टाकला. कॉम्प्युटर थोडा तापेल, तापू दे! बाकावर कुणी सरकून जागा द्यावी, तशी शांतताही आवाजांना जागा करून देत असावी.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी कामात होतो. एकदम त्यांनी पेपर खाली केला.

"काम करताना गातोस होय रे तू?"

"हो, नेहमीच."

"फारच बेसूर गातोस."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो कानाकडे गेला नाही.