साहेबाचा ‘बॉश’ आणि यादवचा शब्द

यादव गेल्याचं मला अमरावतीच्या भाजीबाजारात कळलं. वांग्याची पाटी उतरवत होतो, तेवढ्यात भातकुलीचा एक गाडीवाला म्हणाला, “तुमचा तो दुभाष्या गेला म्हणते.” दुभाष्या! माणूस मेला तरी लोकांनी ते सोडलं नाही. असा संताप आला की पाटी तशीच टाकून मी गावाची वाट धरली. मी माळी, यादव कुणबी. भातकुलीत आमची शेतं लागून, आणि लहानपणापासून गट्टी.

पलटणीतल्या एका कारकुनाकडून तो इंग्रजी शिकला होता. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा अकोल्यात कापूस घेणाऱ्या एका साहेबानं त्याला दुभाष्या म्हणून ठेवलं. या साहेबाच्या तोंडी सदा एकच शब्द... ‘बॉश’. ओला कापूस दिसला, बॉश. स्वयंपाक्यानं सबब सांगितली, बॉश. यादवनं एकदा धीर करून अर्थ विचारला. साहेब हसून म्हणाला, हा शब्द मूळचा आमचा नव्हे, तुर्कांचा. तिकडे त्याचा अर्थ रिकामं. कुठल्याशा गोष्टीच्या पुस्तकातून तो आमच्याकडे आला, आता वायफळ बोलण्याला आम्ही तेच म्हणतो. यादव एवढा खूश झाला की माझ्या प्रत्येक बोलण्यावर बॉश! “लेका, मार खाशील एक दिवस,” मी म्हणायचो.

पुढे पेरणीच्या तोंडावर लढाई संपत आल्याची आवई उठली. यादवचा थोरला भाऊ किसनदादा, गावची चार माणसं आणि मी अकोल्याला गेलो. सगळा कापूस पेरावा, की थोडी ज्वारी ठेवावी? यादवनं विचारलं. लढाई संपते म्हणतात, असंही सांगितलं. साहेबानं हात झटकला, “बॉश!” माझ्या कानाला तो शब्द सवयीचा होता, बाकीच्यांना ऐकू आलं ‘बस’. किसनदादा उठलेच. “बस म्हणते ना साहेब? मंग बस झाला कापूस. ज्वारीच पेरू.” यादव हसला. “दादा, बस नाही, बॉश. ते बातमी पोकळ हाये म्हणते.”

सगळ्यांनी कापूस पेरला. वेचणी होते न होते तोच लढाई खरंच संपत आली आणि भाव कोसळला. घरात ज्वारीचा दाणा नाही, बाजारात ती घेण्याची सोय नाही. दादांची लेकरं अंबाडीची भाजी उकडून खात होती. गाव म्हणू लागलं, साहेब तर बसच म्हणाला होता, त्याची मर्जी राखायला यादवनं शब्द फिरवला. ‘दुभाष्या’ ही गावात शिवीच झाली. यादव नोकरी सोडून आला, दादांच्या अंगणात उभा राहून सांगायचा, “दादा, म्या खरं तेच सांगतलं.” दादा मान वळवायचे. मी मध्ये पडलो तर म्हणाले, “तू त्याचाच दोस्त.” यादव खंगत गेला... ताप हे नुसतं निमित्त.

तेरवीला दादा आले. पंगतीत बसेनात. मला गोठ्याकडे नेऊन म्हणाले, “आज तरी खरं सांग. काय म्हणला होता साहेब?”

“बॉशच म्हणाला, दादा. चुकला तो साहेब. यादवनं काही फिरवलं नाही.”

“मले ठाऊक होतं,” दादा म्हणाले.

“मग काहून, दादा? काहून बोलले नाही त्याच्याशी?”

“लेकरं उपाशी होती रे. कोनावर तरी रागवाचं होतं. साहेबावर कसा रागवू? साहेब का आपला होता?”