सात वर्षं उशिरा उल्हासनगर

त्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, घरी बायकोलासुद्धा नाही. शहाऐंशी सालच्या आपल्या कचेरीच्या वार्षिक अंकात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर एका दिवसात पायी पाहिल्याचा माझा लेख छापून आला होता. जुन्या मंडळींना आठवत असेल. साहेबांनी त्याबद्दल मला सगळ्यांसमोर शाल दिली होती. त्या तिन्हींपैकी एकाही गावात मी तोवर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

बोलावणं आलं होतं, हे खरं. गोप तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. उल्हासनगरचा सिंधी, पण शाळा मराठी, त्यामुळे आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो आणि शिव्याही आपल्यापेक्षा सहज देतो. एका रविवारी त्यानं मला आपलं गाव दाखवायचं ठरवलं. मी पोट बिघडल्याचं कारण सांगून घरीच लोळत पडलो. पुढं अंकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्यानं जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलं सगळं मी दोन बैठकींत लिहून काढलं. रंगत यावी म्हणून एक प्रसंगही घातला. हिरव्या पाटीचं पेनांचं दुकान, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दुकानदार, त्यानं परदेशी म्हणून गळ्यात मारलेलं पेन, आणि घरी पोचेपर्यंत शाईनं निळा झालेला माझा खिसा. हिरवी पाटी आमच्या चाळीखालच्या वाण्याची होती. मिशा कुठून आल्या ते आठवत नाही.

अंक निघाल्यावर गोपनं एवढंच विचारलं, "आलास, आणि घरी नाही आलास?"

"वेळ नाही झाला रे," मी म्हणालो.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. कचेरीतले लोक त्याला "काय गोपशेठ, पेन कसलं, गळकं?" म्हणत. मीही हसत असे.

यंदाच्या जानेवारीत, पन्नाशी उलटल्यावर, मी एकदा त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"गोप, तुझं गाव बघायचं राहिलंय."

"तू तर पाहिलंयस. शाल मिळालीय तुला."

"तुझ्याबरोबर नाही पाहिलं."

त्यानं फायलीतून मान वर केली नाही. "रविवारी आठला ये. चपला नको. चालायचं आहे."

मी मुलाचे कॅनव्हासचे बूट घालून गेलो. उल्हासनगर स्टेशनवर उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि तळणीचा वास होता. गोपनं आधी दालपकवान खायला घातलं. पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली पुरी. तिचे तुकडे मोडून चण्याच्या डाळीत बुडवायचे. आवाज एवढा होतो की बोलायची गरज पडत नाही. दोघांनाही ते सोयीचं झालं.

मग बाजार. मी लिहिलं होतं, 'दुकानांची नुसती दाटी'. प्रत्यक्षात गल्लीगल्लीचा धंदा वेगळा होता. एका गल्लीत लाकडाचा भुसा उडत होता आणि पलंगांचे पाय ऊन खात उभे होते. दुसऱ्या गल्लीत कापडाचे तागे आणि शिलाई यंत्रांची खडखड. मधूनच जुन्या लष्करी छावणीच्या बराकी दिसत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारनं त्यांत ठेवलं होतं. आता त्यांच्यावर मजले चढले होते, पण तळाच्या भिंती ओळखू येत होत्या. "यातच जन्मलो मी," गोप म्हणाला. "या बाजूला आम्ही, त्या बाजूला परसरामकाका. मधे पोत्याचा पडदा."

गोपच्या वडलांचं दुकान बराकीपासून दोन गल्ल्या पलीकडे. वडलांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, गादीवर ताठ बसलेले. मी त्यांना काका म्हणू लागलो. मी आत पाऊल टाकलं आणि मागच्या फळीवर नजर गेली. पेनं. गोपच्या वडलांचा धंदा काय, हे मी त्याला कधी विचारलंही नव्हतं.

"आओ साईं, बैठो," काका म्हणाले. "पहिले पापड-पाणी, मग बात." सिंध्यांकडे पाहुण्याला आधी भाजलेला पापड आणि पाणी देतात. "गोप का दोस्त माझ्या घरी आहे, खुशी आहे. देखो, सिंधीतपण 'आहे' आहे. तुमचा-आमचा एक ही आहे."

मी पापड मोडला. लेखात मी किती वेळा 'आहे' लिहिलं होतं, ते मोजायला नको वाटलं.

समोर, दहा पावलांवर, आणखी एक पेनांचं दुकान होतं. पाटी हिरवी. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि ते जाणूनबुजून आमच्याकडे बघत नव्हते.

"वो परसराम," काकांनी माझी नजर पकडली. "कराचीहून एक बोट में आलो. आता सात साल बात बंद. मेहमान को खोटा पेन दिया त्याने. तुम्हाला. मी बोललो, बदलून दे. तर कसम खातो, मैंने दिया ही नहीं."

गोप खाली मान घालून पापडाचे कण वेचत होता. मग रस्त्यात त्यानं उरलेलं सांगितलं. अंक आला तेव्हा वडलांना मराठी वाचता येत नाही म्हणून त्यानंच हौसेनं सिंधीत करून वाचून दाखवला होता. पेनाचा प्रसंग आला तेव्हा थांबावं हे सुचेपर्यंत वाचून झालं होतं. "गल्लीत पेनवाले दोनच. आमची पाटी निळी. मिशा परसरामकाकांना."

"मग परसरामकाकांनी मिशी?" मी विचारलं, कारण समोरच्या म्हाताऱ्यांना मिशी नव्हती.

"पोरं चिडवायला लागली. काढली."

अंबरनाथच्या देवळापर्यंतची वाट तासाभराची असेल. मला ती मुळीच आठवत नाही. डाव्या टाचेला बूट लागायला लागला होता, एवढंच कळत होतं. वालधुनीच्या काठी आलो. पाणी काळपट, आणि त्याच्या कडेला देवळाचा तसाच काळा, पण उन्हात तापलेला दगड; त्यावर तळापासून वरपर्यंत देव, हत्ती, बायका, वेली. बोट ठेवायला रिकामी जागा नाही. दोन भक्त बेलाची पानं धूत होते. मी खरोखर थक्क झालो, आणि 'थक्क झालो' हे मी आधीच लिहून बसलो होतो.

सभामंडपातून पुढं गेलो. गाभाऱ्याच्या दारात गोप बाजूला सरला. "जा पुढं. तू लिहिलं होतंस, पायऱ्या चढून गाभाऱ्यात जाताना दम लागतो."

समोर पायऱ्या होत्या. वीसेक. खाली उतरत होत्या. पिंड तळाशी, आणि वरचं शिखर अर्धवट, त्यामुळे आभाळातून थेट तिच्यावर उजेड पडलेला.

"मला वाटलं, छापखान्यानं चूक केली," गोप म्हणाला. "चढून आणि उतरून. होते चूक."

"छापखान्याची नाही," मी म्हणालो. "मी आलोच नव्हतो, गोप. त्या रविवारीही नाही आणि नंतरही नाही. पेन घेतलं नाही. परसरामकाकांना आज पहिल्यांदा पाहिलं."

मागून आलेल्या एका बाईनं "अहो, उतरा तरी नाहीतर सरका तरी," म्हटलं, तेव्हा आम्ही सरकलो.

बाहेर आल्यावर तो बदलापूरच्या दिशेनं चालू लागला. मला वाटलं, स्टेशन गाठेल आणि घरी जाईल. पण तो ठरल्याप्रमाणे चालतच राहिला, माझ्यापुढं पन्नास पावलं. मी लंगडत मागं. कारखान्यांची धुराडी संपली, मग भातकापणीनंतरची शेतं लागली, त्यांत वालाची कोवळी हिरवळ. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं मला हटकलं.

"जमीन बघाला आलाव का?"

"नाही बाबा. देऊळ बघायला."

"देव तर मागं रायला, अंबरनाथला. तुमी पुढं कुठं चाललाव?" मग पुढं चाललेल्या गोपकडे बोट करून, "त्यो तुमचा दलाल का? रागावलेला दिसतो. भाव पटला नाय वाटतं."

हे गोपला ऐकू गेलं असावं. पुढच्या मोरीवर तो बसलेला दिसला. मी जवळ गेलो.

"जोडा काढ," तो म्हणाला. टाच सोलवटून रक्त आलं होतं. त्यानं आपला रुमाल उभा फाडला आणि माझ्याकडे टाकला.

"म्हणजे पेन नव्हतंच."

"नव्हतं."

"निळा खिसा?"

"नव्हता."

"त्या खिशापायी मी बाबांना सात वर्षं गप्प पाहिलंय, दामले." त्यानं तोंड समोरच्या वालाकडे वळवलं. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "पायऱ्या चढून," तो म्हणाला. "गाढवा, निदान विचारायचंस तरी." मीही हसायला लागलो, तर म्हणाला, "तू नको हसू."

मी थांबलो. पण छातीवरचं काहीतरी तिथंच, त्या मोरीवर, खाली उतरलं होतं.

बदलापूर मी लेखात अर्ध्या पानात उरकलं होतं. खरं बदलापूर ऐसपैस निघालं. कौलारू घरं, मधेच नव्या इमारतींचे सांगाडे, लांबवर डोंगराची निळी रेघ. इथं पूर्वी प्रवासी घोडे बदलत म्हणून हे नाव, असं गोपनं सांगितलं. हे लेखातही होतं, कारण त्यानंच सांगितलेलं होतं. स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. पाव वाढायला आलेल्या बाई माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "कुठनं चालत आलात?"

"उल्हासनगरहून," गोप म्हणाला. "या वेळी खरंच."

तिथून आम्ही गाडीनं दोन स्टेशनं मागं आलो. उन्हं कलली होती, दुकानं उघडी होती. गोप म्हणाला, मी सांगतो सिंधीत. मी नको म्हटलं. माझ्या मोडक्या हिंदीत, गादीच्या कडेला उभं राहून, मी काकांना सगळं सांगितलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तो परसराम सच बोला था?"

"हां."

ते गादीवरून उतरले, पायानं चाचपडत चपला शोधल्या आणि त्या दहा पावलांची गल्ली ओलांडली. आम्ही मागं.

परसरामकाकांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलंच नाही, गोपच्या वडलांना म्हणाले, "मैंने कसम खाई, तूने नहीं मानी. अनजान आदमी की मान ली."

"छपा हुआ था ना," काका म्हणाले.

"और मैं? मैं बिना छपा हूँ, इसलिए?"

काका बाजूच्या स्टुलावर बसले, न विचारता. मग परसरामकाकांनी आत हाक मारली आणि पापड मागवला. चौघांचा. तो मोडताना मात्र ते माझ्याकडे वळले.

"माफी इधर मत बोलो. झूठ मराठी में छपा था, तो सच भी मराठी में छापो. फिर इधर आओ, बैठो, और मुझे सुनाओ. शुरू से आखिर तक. बीच में से कुछ खाना नहीं."

"मिशीचंसुद्धा?" गोपनं विचारलं.

"वो पहले," ते म्हणाले.

परतताना गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि ठाणं येईपर्यंत गाढ झोप लागली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हाच्या त्या रविवारी तुझं पोट खरं बिघडलेलंच नव्हतं," आणि टाचेला हळद लावायला घेतली. सोमवारी गोपनं माझ्या टेबलावर स्वतःचा डबा आणून उघडला. कुणी पेनावरून काही बोललं तर आता मी हसत नाही, सांगतो.

शाल मी साहेबांकडे परत केली आहे. हा लेख संपादकांनी एकही ओळ न गाळता घेतला, त्यांचे आभार. तो छापून आला, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं असं: अंक घेऊन उल्हासनगरला जायचं, परसरामकाकांच्या दुकानात बसायचं आणि त्यांना हे सगळं हिंदीत, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचं. ते मी अजून केलेलं नाही.