थुंकीवरचं भविष्य

माझ्या थोरल्या मेव्हण्यांइतका अस्वस्थ डॉक्टर उभ्या जुन्नर तालुक्यात दुसरा नसेल. नारायणगावात त्यांचा दवाखाना आहे, पण तिथं त्यांना खुर्चीत टेकलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. नाडी धरूनही येरझाऱ्या चालूच, त्यामुळे पेशंटलाही दोन पावलं बरोबर चालावं लागतं. औषध लिहिण्याआधी आजोळ कुठलं, आत्या कशानं गेली, चुलत्यांना शुगर आहे का, हे इतकं खोदून विचारतात की नवखा माणूस दुखणं विसरून सोयरिकीला आल्यासारखा बावरतो. त्यात घरबसल्या नळीत थुंकायचं, ती कंपनीला पाठवायची आणि पुढच्या आजारांचा रिपोर्ट मोबाइलवर मागवायचा, हे फॅड निघालं आणि त्यांची उरलीसुरली झोपही उडाली. एका द्राक्षबागायतदारानं कौतुकानं तसला रिपोर्ट दाखवला, तर यांनी त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिचा रिपोर्ट मी फुकट देतो."

माझ्या मुलीला अवसरीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाकडच्यांनी पत्रिकेबरोबर हा रिपोर्टही मागितला. पत्रिका जुळली, पण रिपोर्टात पुढेमागे शुगर होण्याचा धोका जास्त निघाला आणि त्यांनी बोलणी थांबवली. मुलगा तिच्या मनात भरला होता, पोरगी जेवेना. मेव्हण्यांना कळलं मात्र, पेशंटची रांग तशीच टाकून मला मोटारसायकलवर मागं बसवून ते अवसरीला निघाले. तिथं चहाला नको म्हणत त्यांनी शुगरचं मशीन काढलं आणि ओसरीवर जो दिसेल त्याचं बोट टोचलं. मुलाचे वडील, चुलते, आत्या, तिघांचीही शुगर वाढलेली. मेव्हणे अंगणात फेऱ्या मारत म्हणाले, "पावणं, पोरीच्या थुंकीत नुसता अंदाज हाय. तुमच्या रक्तात आजारच हाय. आता कुणी कुणाला नाकारायचं, सांगा." आधी आत्याच हसल्या, मग सगळेच, आणि लग्न ठरलं.

हळदीच्या दिवशी मुलीनं हातात लाडू घेऊन त्यांना हळूच विचारलं, "मामा, खरं सांगा, मला होईल का?" मेव्हण्यांना खोटं बोलणं जमत नाही. "नक्की नाय सांगता येत, बाळा," ते म्हणाले. तिनं लाडू ताटात परत ठेवला. पाठवणी झाल्यावर ते मला म्हणाले, "सगळी अवसरी पटवली, पावणं. हिच्या डोक्यातनं तेवढं नाय काढता आलं." त्यांचं मला फार वाईट वाटलं, आणि पोरीचं त्याहून.

आता ती माहेरी आली की बिनसाखरेचा चहा घेते. मेव्हणे मुद्दाम येतात, आणि तिच्याबरोबर तसलाच चहा पितात.