बाईंचे बाण

कॅरीबॅगा कुणी मुद्दाम साठवत नाही, पण ओट्याखालचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. आमच्या रनिंग ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आणि दार उघडल्यावर जो किस्सा बाहेर पडतो, त्यात माती मीच खाल्लेली असते!

मी शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे, वजनाचं विचारू नका. मी पोचते तोवर बाकीच्यांचा चहा होऊन गेलेला असतो. तरी ग्रुपमध्ये मला मान आहे, कारण रविवारचा रूट मी आखते. आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून जायचं आणि वळणावळणावर रांगोळीने बाण काढायचे. आमचे म्होरके विद्याधरराव रिटायर्ड आहेत, जन्म सदाशिव पेठेत गेलेला. पळताना मोबाइल घरी, हा त्यांचा कडक नियम. म्हणून माझे बाण. ते काम गेलं तर मी तिथे कोण? नुसती मागून येणारी बाई!

*

पहिली फजिती सदाशिव पेठेतच झाली. एका काकूंच्या दारासमोर मी डावीकडचा बाण काढला होता. सकाळी ग्रुप तिथे पोचला, तर बाणाच्या जागी सडा आणि त्यावर झकास कमळ! पाकळ्या आठी दिशांना.

विद्याधररावांनी अदबीने विचारलं, "अहो, इथे एक बाण होता."

"होता ना," काकू म्हणाल्या. "आमच्या दारात होता, म्हणून पुसला. तुमच्या दारात काढा आणि तिथल्या तिथे पळा!"

मी धापा टाकत पोचले तेव्हा काकू केरसुणी घेऊन उभ्याच होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "ह्याच वाटतं त्या!" मी मान खाली घालून पुढे निघाले. पुढे म्हणजे कुठे, ते मलाही आठवेना.

*

बिबवेवाडीत ड्रेनेजसाठी खोदाई चालली होती. ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्यावर चुन्याच्या फक्कीने बाण मारून ठेवले होते. माझी रांगोळी पांढरी, त्यांची फक्कीही पांढरी. सगळा ग्रुप त्यांच्या बाणांमागे गेला आणि एका खोल खड्ड्याच्या काठावर जाऊन थांबला.

मुकादम कामगारांच्या टोळीची वाट बघत होता. आमच्या ग्रुपला पाहून त्याच्या जिवात जीव आला. "एवढा उशीर? चला, फावडी तिकडं हायेत!"

सायली आमच्यातली सगळ्यात लहान, आयटीवाली. मी मागून पोचताच ती म्हणाली, "ताई, सीरियसली, एक लिंक पाठवली असती ना मॅपची..."

"नको," विद्याधरराव खड्ड्यात वाकून बघत म्हणाले. "बाईंनी आजवर भूगोल शिकवला, आज भूगर्भ दाखवला."

सोमवारी नववीला नेमका तोच धडा होता. मी तो फळ्याकडे तोंड करून शिकवला.

*

आमचे पोपटराव धायरीचे. त्यांच्या शेतात आता त्यांच्याच बिल्डिंगा उभ्या आहेत. "बाई, एकदा आमच्याकडनं न्या की रूट," असा त्यांचा फार आग्रह होता. नेला. तिन्हीसांजेला मोकळी जागा दिसली, कडेच्या दगडावर बाण काढला आणि परत आले. सकाळी कळलं की ती मोकळी जागा म्हणजे पोपटरावांच्या चुलतीचा मेथीचा वाफा. कळलं ते तो तुडवून झाल्यावर!

चुलती खुरपं घेऊन आली. "पोपट्या, कोन मागं लागलंय रं तुमच्या?"

"कोन न्हाय काकू. वजन कमी करायचं हाय."

"मग पळतोस कशापायी? बस हितं, मेथी काढू लाग!"

बसलो सगळे. निघताना म्हातारीने सगळ्यात मोठी जुडी माझ्या हातात ठेवली. "घे माय, तू लई दमलीस." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

*

कालव्यावर तर कहर झाला. बाणाचं टोक धड उमटलंच नव्हतं. त्यामुळे निम्मे लोक या काठाने गेले, निम्मे त्या काठाने. मध्ये पाणी, आणि पुलाचा पत्ता नाही. सायली पलीकडून ओरडत होती, "ताई, नेक्स्ट ब्रिज कुठे आहे?" मी इकडून ओरडत होते, "पुढे असेल!"

काठावर कपडे धुणारी एक बाई हात थांबवून म्हणाली, "एवढं भांडू नये हो माणसांनी!"

सगळे हसले, पण विद्याधरराव हसले नाहीत. त्यांनी टोमणासुद्धा मारला नाही, तेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बाई, आणखी एकदा चुकलं तर रूट सायलीच्या फोनवर."

घरी येऊन मी चक्क रडले.

*

पुढच्या वेळी मी माझ्या माहेरचा भाग निवडला. तिथला एक बोळ पलीकडच्या रस्त्याला निघतो, हे मला फ्रॉक घालायच्या वयापासून माहीत. आत जाऊन बघायची गरजच वाटली नाही. तोंडाशी हा एवढा मोठ्ठा बाण काढला. मध्यंतरी मागे नवी बिल्डिंग झाली आणि बोळ बंद झाला, हे मला कोण सांगणार?

त्यात त्या दिवशी आमचे नवे टी-शर्ट आले होते. भडक पिवळे, आणि पाठीवर लिहिलेलं, "आता थांबायचं नाही!"

मी पोचले तेव्हा सगळे बोळाच्या टोकाशी उभे होते. समोर एक जुनी तीन मजली बिल्डिंग आणि खाली शववाहिका. मी लाजेने मागे वळणार, तेवढ्यात एक म्हातारे शेजारी लगबगीने आले. "आलात? बरं झालं. वहिनी केव्हाच्या म्हणतायत, ग्रुपला कुणीतरी कळवा. लिफ्ट नाही हो, आणि आम्ही सगळे असे."

पोपटरावांनी काही न विचारता बूट काढले. मागोमाग आणखी पाच-सहा जण वर गेले. त्यांनी त्या वारलेल्या गृहस्थांना हलक्या हाताने खाली आणलं, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवरची ती अक्षरं साऱ्या बिल्डिंगला दिसत होती. मी त्यांचा चेहरा पाहिला. विद्याधररावांनी पाहिला, सायलीने पाहिला. आमच्यातल्या कुणीच त्यांना कधी बघितलेलं नव्हतं.

त्यांची बायको कठडा धरत धरत खाली आली आणि तिने माझा हात धरला. "तुम्हीच ना तो ग्रुप? हे रोज सकाळी बूट घालून जायचे. विचारलं की म्हणायचे, आमचा ग्रुप आहे. कुठून कुठून जायचे हो हे? मला कधी धड सांगितलं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रूट माझ्याकडे ना!

"आधी सारसबाग," मी म्हणाले. "मग पर्वतीच्या पायथ्याने... मग कालव्याच्या कडेने झाडीतून."

"सारसबाग, पर्वती, कालवा," ती स्वतःशीच पुटपुटली. "बरंच लांब की हो. मागे पडायचे का?"

"छे, उलट आमच्या पुढे असायचे," मी म्हणाले आणि विद्याधररावांकडे बघायचं टाळलं. आता हा माणूस काय बोलतो याचीच धास्ती होती.

विद्याधररावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आणि रस्ता एकदाही चुकले नाहीत, वहिनी," ते म्हणाले.