अणुभट्टीतलं स्थळ

पाचसहा वर्षांपूर्वी मला पांढुर्ण्याचं एक स्थळ आलं. बाबांना त्यातलं सगळं पसंत होतं, नोकरी तेवढी सोडून. मुलगा दूरच्या एका अणुवीज केंद्रात इंजिनीयर होता. तिगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत बसून बाबांनी चार दिवस नुसता मोबाइल पाहिला. जपानात काय झालं, गावंच्या गावं कशी रिकामी करावी लागली, हे सगळं मला जेवताना ऐकवलं. मला मुलाचा फोटो फार आवडला होता, म्हणून मी गुमान जेवत राहिले.

मुलगा आईला घेऊन आला. चहा संपायच्या आत बाबांनी विचारलंच, "तुमच्या तिथं धोका हाय काय?"

त्याच्या आईनं त्याला कोपर मारलेलं मला दारातूनही दिसलं. नाही म्हटलं की सोयरीक पक्की, इतकं ते सोपं होतं.

"हाय, काकाजी," तो म्हणाला. "कमी हाय, पण हाय. म्हणून तर रोज तपासून राहिलो."

मी कपाळाला हात लावला. हा सत्यवादी हरिश्चंद्र नेमका माझ्याच वाट्याला यायचा होता!

बाबा उठले आणि बागेत गेले. फवारणी अर्धी राहिली होती. पाहुणा त्यांच्या मागोमाग निघाला आणि कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं मीही निघाले. बाबांनी ड्रमात कीटकनाशक ओतलं आणि नेहमीसारखा कोपरापर्यंत हात घालून ढवळायला लागले.

"हातमोजे नाई घालत काय, काकाजी?"

"तीस वर्सं झाले, असंच करून राहिलो. काही झालं नाई."

"आमच्याकडे कोणी असं बोललं, तर त्याले त्या दिवशी भट्टीजवळ जाऊ देत नाई. परत शिकायले बसवते."

बाबांचा हात ड्रमातच थांबला. बाबा तसे फटकळ, रागावले की समोर कोण आहे ते पाहत नाहीत. माझा जीव टांगणीला लागला.

"म्हंजे मी तुमच्याकडे नापास?"

"नापास," तो म्हणाला.

बाबा इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या बागेतला कुत्रा भुंकायला लागला. मग त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले आणि आम्ही घरी आलो. त्याची आई अजून तोंड पाडून बसली होती.

बाबा तिला म्हणाले, "भट्टीची भीती मले अजूनही वाटून राहिली, बाई. पण सोयरीक मोडायची पाळी आली तरी तुमचा पोरगा खोटं बोलला नाई. काही झालंच, तर थो माह्या पोरीले सगळ्यात पहिले खरं सांगन."

मला अजून कोणी काही विचारलं नव्हतं. मी 'हो' म्हणून मोकळी झाले.