पंपताईचा निळा

रोज सकाळी आपल्या दुकानाचं शटर वर करण्याआधी पंपताई हातपंप उचलून रस्ता ओलांडायची. समोरच्या दुकानाच्या दारावर दोन साखळ्यांनी एक सायकल टांगलेली होती. जांभळी, मध्येच पोपटी, आणि त्यावर सोनेरी ठिपके. ताई पायरीवर चढून आधी पुढच्या चाकात हवा भरायची, मग मागच्या. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायची आणि आली तशी, एक शब्द न बोलता, परत फिरायची. अशी एकतीस वर्षं. रस्त्यावरच्या कुणीतरी केव्हातरी तिला पंपताई म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

समोरचं दुकान तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचं होतं.

नवख्या माणसाला हे सगळं फार गोड वाटायचं. "बघा, भावावर किती जीव!" असं कुणी म्हटलं की शेजारची शिंपीणकाकू दोरा दाताने तोडत म्हणायची, "जीव आहे ना. घ्यायलाच टपलीय."

कारण विचारलं तर ताई धंद्यातलं उत्तर द्यायची. "टांगलेल्या सायकलीचं टायरसुद्धा बसलं की रबर चिरतं." ते खोटं नव्हतं. पण पायरीवर उभं राहिलं की मागच्या चाकाचा आस जिथे बसतो ती सांगाड्याची कडी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायची, आणि तिथे, जांभळ्या रंगाखाली, कानशीने घासून सपाट केलेलं एक थोटूक दिसायचं. ते रोज बघितलं की दिवसभर दुसरं काही आठवावं लागायचं नाही.

त्या जागी एकेकाळी सायकलीचा कान होता. जुन्या रेसच्या सायकलींना मागच्या कडीला बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा असतो, त्यावर गिअर टांगतात. कारागीर त्याला कान म्हणतात. तो एकदा कापला की सायकल रेसची उरत नाही. ही सायकल पंपताईची होती. चौदाव्या वर्षी बाबांनी स्वतः जुळवून, शाईसारख्या निळ्या रंगात रंगवून तिला दिली. तिच्यावर ती बारा वर्षं शर्यती पळाली आणि पुष्कळ जिंकली. सव्विसाव्या वर्षी एका उतारावर पडली. मांडीचं हाड मोडलं, सहा महिने प्लास्टर. बाबा दोन वर्षांपूर्वीच गेले होते, दुकान दादाकडे होतं. कुबड्या घेऊन ती दुकानात आली तेव्हा सायकल दारावर टांगलेली होती. हँडल उलटं करून बैलाच्या शिंगांसारखं आभाळाकडे वळवलेलं, चाकांत चकचकीत पट्ट्या विणलेल्या, पुढे मोटारीचा भोंगा.

"दुकानाला पाटी हवी होती," दादा म्हणाला. मग तिच्या पायाकडे बघत, अगदी सहज, "आणि आता तुला कुठे चालवायची आहे?"

तिने कुबडीने टेबलाखालचा कचरा उकरला, कापलेला कान त्यात सापडला, तो खिशात घातला आणि बाहेर पडली. पुढे तो तिच्या किल्ल्यांच्या कडीत अडकला. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. शर्यत संपली. वर्षभरात तिने समोरचाच गाळा घेतला.

दोघंही एकाच बापाकडे एकच काम शिकलेले, जुन्या रेसच्या सायकली माणसाच्या गरजेप्रमाणे बदलून द्यायचं. बाबांचा एकच नियम होता: पुढच्या माणसाला परत फिरवता येणार नाही असं जुन्या सायकलीला काही करायचं नाही. ताईने तो नियम गळ्यात बांधून घेतला होता. दंतवैद्याच्या सायकलीला तिने सरळ हँडल बसवलं आणि जुनं वाकडं हँडल कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "माळ्यावर ठेवा. उद्या कंबर सुधारली तर?" एका नर्सबाईच्या सायकलीला पुढे भाजीच्या पाटीएवढं कॅरिअर बसवलं, पण एकही भोक न पाडता, चामड्याचे पट्टे आवळून. तिच्याकडून निघालेली सायकल बघून लोकांना कळायचंच नाही की काय बदललंय. फक्त बसल्यावर बरं वाटायचं.

दादाचं सगळं उलट. त्याच्याकडे करवत आधी, विचार मागून. त्याने कुणाच्या सायकलीला ट्रॅक्टरचे आरसे लावले, कुणाच्या सीटच्या जागी सोफ्याची गादी. एकाचं हँडल इतकं उंच नेलं की स्वार छताला लोंबकळल्यासारखा दिसायचा. शाळेतली पोरं त्याला मोरदादा म्हणायची. आणि खरं सांगायचं तर गर्दी त्याच्याकडेच असायची. ताईला ते सलायचं. गिऱ्हाईक गेल्याचं नव्हे. लोकांना डोळे असून ते असे वापरतात, याचं.

लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, "माझं एकाशी उभं भांडण चालू आहे. त्यातून संसाराला वेळ कुठून काढू?" लोक हसायचे. तीही हसायची. पण पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ती एकेक वस्तू जमवत होती. जुन्या बाजारातून, भंगारातून, निवृत्त झालेल्या शर्यतवाल्यांच्या बायकांकडून. तेच मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, तेच ब्रेक, तीच अरुंद चामडी सीट. पेटी भरली तेव्हा तिचे केस अर्धे पांढरे झाले होते. सायकल तेवढी यायची राहिली होती. एक ना एक दिवस ती येईल, आणि दादा स्वतःच्या हाताने आणून देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी म्हणायचं वाक्यसुद्धा तयार होतं. त्याचंच वाक्य, जसंच्या तसं.

तो दिवस आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दादा काठी टेकत रस्ता ओलांडून आला. मागून भोंग्यासकट सायकल ढकलत शिंपीणकाकूचा नवरा.

"आहेस का?"

"दिसत नाही का?"

"मोतीबिंदू झालाय. तुझी धग मात्र रस्त्यापलीकडूनही लागते." तो स्टुलावर बसला. "खुबा गेला गं. डॉक्टर म्हणतात सायकल चालवा, सांधा मोकळा राहील. पण टांग वर जात नाही. हिचा दांडा खाली घेऊन दे. पार खाली."

"दुकानभर सायकली आहेत तुझ्याकडे."

"हीच हवी."

"मग तूच घे की खाली. करवत होती ना तुझ्याकडे? एकदा बघितल्यासारखी वाटते."

दादाने ते गिळलं. हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "माझ्याकडून वाकडं जाईल. तुझं सरळ जातं." एकतीस वर्षांत त्याने तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मग दांड्यावर तळवा ठेवून म्हणाला, "बाबांनी नव्हता का..." आणि थांबला. "असू दे."

"ठेव," ती म्हणाली.

"करशील?"

"ठेव म्हटलं ना."

दादा गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली. दांडा कापायचा विचार तिच्या मनात क्षणभरही आला नव्हता. सायकल अगदी होती तशी करायची. दांडा उंच, सीट अरुंद, हँडल खाली. इतकी हुबेहूब की त्याला ती नुसती बघता यावी. सगळ्या रस्त्यादेखत परत करायची आणि म्हणायचं, आता तुला कुठे चालवायची आहे?

रंग खरवडायला चार दिवस गेले. आधी सोनेरी गेला, मग पोपटी, मग जांभळा. पाचव्या दिवशी निळा लागला आणि ती पाळण्यातलं पोर बघावं तशी बघत राहिली. पण सीटखालच्या सांध्यापाशी निळ्याचीही खपली निघाली, आणि खाली लाल होता.

तिने आणखी खरवडलं. सगळीकडे लाल. आणि सीटखालच्या नळीवर, सांध्याच्या जागी, पितळेची एक पिवळी रेघ. नळी कापून, दांडा चार बोटं खाली घेऊन, पितळ वितळवून पुन्हा झाळलेली. रेघेच्या शेवटी डावीकडे छोटी शेपटी होती. बाबा डावखुरे होते, त्यांच्या प्रत्येक झाळकामाला ती शेपटी असायची.

ती खाली फरशीवरच बसली. दादाची एक लाल सायकल होती, हे तिला आठवत होतं. तो एकोणीस वर्षांचा ताडमाड मुलगा, शर्यतीत कायम शेवटून दुसरा, आणि सायकल मात्र रोज तेल लावून पुसणारा. बाबा म्हणायचे, "हा चालवतो कुठे? नुसता लाड करतो." मग एक दिवस ती सायकल विकली म्हणून सांगितलं. दादा दोन दिवस जेवला नव्हता. त्याच सुट्टीत तिची निळी आली. इतकी साधी बेरीज तिने कधी केली नव्हती. नियम सांगणाऱ्यानेच करवत चालवली होती, आणि तीही तिच्यासाठी.

शिंपीणकाकू चहा घेऊन आली, तिने लाल बघितला, रेघ बघितली. ती या रस्त्यावरची जुनी. तिला सांगावं लागलं नाही.

"आता गं?"

"आता काय?"

"अगं, आधी त्याची होती ती."

"आधी म्हणजे किती आधी?" ताई चिडून म्हणाली. "त्याच्याही आधी लोखंडाची खाण होती. तिकडे नेऊन देऊ?"

पण त्या दिवशी तिने काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसून विचार केला. लाल करता आली असती. त्याने मागितला तसा दांडाही खाली घेता आला असता, बाबांनी तिच्यासाठी घेतला होता तसाच. तिचा हात खरंच सरळ जात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून ती बाजारात गेली आणि निळ्याचे पाच डबे उघडून त्यातला अगदी शाईसारखा होता तो घेऊन आली.

किल्ल्यांच्या कडीतून कान सोडवून तिने तो पितळेने त्याच्या जागी झाळला. लालावर अस्तर मारलं, त्यावर निळा, सांध्यांच्या कडेने केसाएवढी पांढरी रेघ. तीन आठवड्यांनी सायकल समोर नेली तेव्हा रस्ता गोळा झाला होता. मोराचा कावळा झाला म्हणून कुणी हळहळलं. दंतवैद्य मात्र नुसताच चष्मा पुसत राहिला.

दादाने सायकलीवरून हात फिरवला. हात सीटखाली, बरोबर चार बोटं खाली येऊन थांबला.

"लाल लागला असेल तुला."

"लागला."

"मग?"

"निळा खुलून दिसतो."

"आणि दांडा?"

"होता तिथेच आहे."

"कधी होता तिथे?"

"माझ्या वेळी."

दादाने काठी भिंतीला टेकवली, हँडल धरलं आणि सगळ्यांसमोर टांग टाकायचा प्रयत्न केला. बूट दांड्यावर आपटला, ओल्यासारख्या चमकणाऱ्या निळ्यावर काळा ओरखडा उठला. पुन्हा एकदा केला. पुन्हा आपटला. ताईने हे मनात इतक्या वेळा बघितलं होतं की प्रत्यक्षात ते जरा भरभर झाल्यासारखं वाटलं. तिने तोंड उघडलं.

"मला तरी आता कुठे चालवायची आहे," दादाच म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीने ओरखडा पुसू लागला.

एकतीस वर्षं धार लावलेलं वाक्य त्याने असं हातातून काढून घेतलं. ती तशीच वळून परत आली. सूड उगवल्यावर पोकळ वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. कडकडून भूक लागली, आणि ती दोन माणसांचं जेवली.

तिची समजूत होती की आता तो सायकल तिच्या दारात आणून टाकेल. त्याने टाकली नाही. दुसऱ्या दिवशीपासून काठी घरी ठेवून तो सायकल हातात धरून चालू लागला. कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. "दादा, बसत का नाही?" कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती चालते, मीही चालतो. दोघांच्या तब्येतीला बरं." परतताना ताईच्या दारात थांबून एकच शब्द म्हणायचा, "हवा." आणि तिला वाकून पंप लावावा लागायचा, कारण टायरशी तिचं भांडण नव्हतं.

आठवडाभराने वाकली असताना तिला सीटखाली नखाएवढा लाल दिसला. मुद्दाम, नखानेच खरवडलेला. तिने मान वर करून बघितलं. दादा रस्त्याकडे बघत होता. ती आत गेली, ब्रश आणि डबा आणला आणि तो उभा असतानाच तेवढ्या जागी निळा लावला. चार दिवसांनी पुन्हा लाल. पुन्हा ब्रश. तीन वर्षं हे असं चाललं. शिंपीणकाकू म्हणायची, "त्यापेक्षा एकमेकांची डोकी फोडा, रंग तरी वाचेल."

मग एका सकाळी ताईचं शटर वर गेलं नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले.

आदल्या दिवशी तिला शेवटचा भेटलेला माणूस दादाच होता. काय बोलली, असं शिंपीणकाकूने त्याला चार-पाचदा विचारलं. विशेष काही नाही, तो म्हणाला. ती वाकली, दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्याने दाबून बघितली. सीटखाली नखाएवढा लाल होताच. ती ब्रश आणायला आत गेली, डबा हलवून बघितला, दारात येऊन उपडा करून बघितला, आणि म्हणाली,

"निळा संपलाय. उद्या आणते."